नाण्यावरचे साल आणि चांदीचा कस : वाचकांची पत्रे, उत्तरे

ब्रिटिश काळातील चांदीच्या नाण्यांविषयीचे प्रश्न वाचकांनी पाठवावेत, असे आम्ही मागील अंकात कळवले होते. नाशिक शहर आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातील सहा नाण्यांच्या निमित्ताने संग्राहकाला लागणारे बहुतेक ज्ञान सांगता येते.

पत्र पहिले. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी झाले आणि इंग्लंडमधील ब्रायटन येथील रुग्णालयात काही महिने होते. १९१५ च्या अखेरीस ते परतले. त्यांच्या लाकडी पेटीत सहा इंग्रजी नाणी निघाली असून ती सर्व त्यांनी तिकडून आणली, असे घरात सांगितले जाते. १९१४ चा हाफ क्राउन, १८९७, १९०६ आणि १९११ चे तीन शिलिंग, १८८७ चे सहा पेन्सचे नाणे आणि १९२१ चा फ्लोरिन अशी ती नाणी आहेत. सराफाने सगळी एकत्र तोलून मोडीचा भाव सांगितला. ती विकावीत की यातून संग्रह सुरू करावा?
— एक निवृत्त कर्मचारी, नाशिक रोड

उत्तर. नाणी मोडीत देण्याआधी आपण पत्र लिहिलेत, याबद्दल आपले मनापासून आभार. सराफाने चांदीचा भाव सांगितला आणि त्याच्या व्यवसायाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु तराजूच्या एकाच पारड्यात घातलेल्या या सहा नाण्यांची चांदी एका कसाची नाही.

ब्रिटनची चांदीची नाणी कित्येक शतके स्टर्लिंग चांदीची, म्हणजे हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी असलेली होती. आठव्या हेन्रीच्या काळात, १५४० च्या दशकात, त्यांत मोठ्या प्रमाणात तांबे मिसळले गेले होते. तो अपवाद सोडला, तर हा कस १९२० पर्यंत टिकला. १८१६ च्या कायद्याने वजनांचे प्रमाण निश्चित झाले. बारा पेन्सचा शिलिंग ५.६५ ग्रॅम, सहा पेन्सचे नाणे २.८३, दोन शिलिंगांचा फ्लोरिन ११.३१, अडीच शिलिंगांचा हाफ क्राउन १४.१४ आणि पाच शिलिंगांचा क्राउन २८.२८ ग्रॅम. किंमत दुप्पट असेल तर वजनही दुप्पट, असा हा सरळ हिशेब आहे. आपला कलदार रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, बरोबर एक तोळ्याचा होता आणि त्याचा कस ९१७ होता. फ्लोरिन आणि रुपया हातात शेजारी घेतल्यास ते जवळजवळ सारखे वाटतात, ते यामुळेच.

पहिल्या महायुद्धानंतर चांदी विलक्षण महागली. एक औंस स्टर्लिंग चांदीतून ६६ पेन्सची नाणी निघत असत आणि १९२० च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये त्याच औंसाचा भाव सुमारे ८९ पेन्सवर गेला. नाणे वितळवणे हे ते चालवण्यापेक्षा फायद्याचे ठरू लागले, म्हणून त्याच वर्षी कायदा करून नाण्यांचा कस ५०० वर आणण्यात आला. वजन आणि आकार तेच राहिले. आतील हीण मात्र वाढले. आपला १९२१ चा फ्लोरिन या हिणकस चांदीचा आहे. झिजलेल्या उंचवट्यांवर त्याचा रंग थोडा पिवळट दिसत असेल, तर त्याचे कारण हेच होय. बाकीची पाचही नाणी स्टर्लिंगची आहेत.

हिंदुस्थानातही चांदीची टंचाई होती. रुपये पाडण्यासाठी चांदी पुरेना, म्हणून १९१७ च्या नोव्हेंबरात येथे एक रुपयाची नोट काढावी लागली आणि पुढील वर्षी अमेरिकेने कायदा करून आपले २५ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी हिंदुस्थानासाठी ब्रिटनला विकली. त्या काळातील जाडजूड रुपयांपैकी कित्येकांत अमेरिकी डॉलरची चांदी असणार, हे लक्षात ठेवून पाचव्या जॉर्जचे रुपये पाहावेत. आपण नाशिक रोडला राहता म्हणून सांगतो, तेथील मुद्रणालयात नोटा छापण्यास १९२८ मध्ये सुरुवात झाली. त्यापूर्वी त्या इंग्लंडहून छापून येत.

आता घरातील आठवणीविषयी. १९२१ चे नाणे १९१५ मध्ये परतलेल्या माणसाने आणलेले असू शकत नाही. यामुळे पणजोबांची हकीकत खोटी ठरत नाही. पेटीत नंतर कोणीतरी एक नाणे ठेवले, एवढेच यावरून सिद्ध होते आणि उरलेल्या पाच नाण्यांची साले हकिकतीशी पूर्णपणे जुळतात. ब्रायटनच्या राजवाड्यात हिंदी जखमींसाठी रुग्णालय १९१४ च्या डिसेंबरपासून सुमारे एक वर्ष चालले. त्या वेळी इंग्लंडच्या बाजारात व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज अशा तिघांचीही नाणी एकत्र चालत असत, त्यामुळे हे मिश्रण अगदी स्वाभाविक आहे. त्या पाच नाण्यांची बेरीज सहा शिलिंग होते. रुपया तेव्हा एक शिलिंग चार पेन्सला होता, म्हणजे ते साडेचार रुपये झाले. शिपायाचा पगार महिना अकरा रुपये असताना हातातील साडेचार रुपये खर्च न करता त्यांनी ही नाणी घरी आणली, हे मला त्या नाण्यांच्या बाजारभावापेक्षा फार मोलाचे वाटते.

सहा पेन्सचे १८८७ चे नाणे भिंगाखाली पाहावे. राणीच्या कारकिर्दीची पन्नास वर्षे झाली त्या वर्षी नवा मुखवटा, म्हणजे नाण्यावरील चेहऱ्याची नवी छाप, आला आणि सहा पेन्सच्या मागच्या बाजूला मुकुटासह ढाल घेण्यात आली. ती सोन्याच्या अर्ध्या सॉव्हरिनशी इतकी मिळतीजुळती होती की, लोक त्यावर सोन्याचा मुलामा देऊन ती दहा शिलिंगांना खपवू लागले. त्यामुळे त्याच वर्षी ती छाप मागे घेऊन पुष्पचक्रात अक्षरी किंमत असलेली छाप आणावी लागली. आपल्याकडील नाण्यावर ढाल असेल, तर ते मागे घेतलेले नाणे आहे. मात्र ते दुर्मिळ समजू नये, कारण लोकांनी कुतूहलाने बरीच जपून ठेवली आणि ती आजही सहज मिळतात.

विकू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सहाही नाणी एकत्र ठेवावीत, फ्लोरिनसह ठेवावीत आणि ती कोणाच्या पेटीतून कशी आली, हे एका कागदावर लिहून, घरातील वडीलधाऱ्यांना विचारून, सालवार नोंद करावी. संग्रहाचा आरंभ याहून चांगला होत नाही.

पत्र दुसरे. मी शाळेत इतिहास शिकवते. ब्रिटिश चांदीच्या नाण्यांचा छोटा संग्रह करावा अशी फार दिवसांची इच्छा आहे. परंतु महिन्याला दोन हजारांपेक्षा अधिक खर्च करणे मला शक्य नाही. शेकडो प्रकारांतून सुरुवात कोठून करावी?
— एक शिक्षिका, गंगापूर रोड

उत्तर. आधी विषय ठरवावा आणि मगच पहिले नाणे घ्यावे. दिसेल ते नाणे घेत गेल्यास डबा भरतो, परंतु संग्रह होत नाही आणि मर्यादित रकमेत तर हे मुळीच परवडत नाही.

नेहमी सुचवला जाणारा मार्ग म्हणजे १८१६ नंतरचा प्रत्येक राजा-राणीचा एकेक शिलिंग. तिसरा जॉर्ज, चौथा जॉर्ज, चौथा विल्यम, व्हिक्टोरियाचे तरुण, मध्यमवयीन आणि वृद्ध असे तीन मुखवटे, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, सहावा जॉर्ज, अशा नऊ नाण्यांत सव्वाशे वर्षे येतात. आठव्या एडवर्डचा शिलिंग चलनात आलाच नाही, म्हणून त्याची जागा रिकामी ठेवावी. सहाव्या जॉर्जचे शिलिंग दोन तऱ्हांचे आहेत. त्याच्या पत्नीच्या, म्हणजे राणीच्या, स्कॉटिश घराण्याचा मान म्हणून एक स्कॉटिश सिंहाचा काढण्यात आला, दुसरा इंग्लिश. विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी हा मार्ग उत्तम आहे.

परंतु आपण इतिहास शिकवता, म्हणून मी दुसरा विषय सुचवतो आणि तो मला स्वतःला अधिक प्रिय आहे. व्हिक्टोरियाने १८७६ च्या कायद्यानुसार हिंदुस्थानची सम्राज्ञी ही पदवी घेतली. आपल्या रुपयावर १८७७ पासून तिच्या नावाच्या जोडीला सम्राज्ञी हा शब्द आला. परंतु खुद्द ब्रिटनच्या नाण्यांवर तो यायला १८९३ साल उजाडले. त्या वर्षी टॉमस ब्रॉक यांनी केलेला, डोक्यावरून पदर घेतल्यासारखा दिसणारा वृद्ध राणीचा मुखवटा आला आणि लॅटिन लेखात ‘इंड इम्प’ (हिंदुस्थानची सम्राज्ञी, पुढे सम्राट) ही दोन संक्षिप्त पदे शिरली. कधी ती दर्शनी बाजूस असतात, कधी मागच्या. १८९३ पासून चलनातील चांदी संपेपर्यंत, म्हणजे १९४६ पर्यंत, नव्याने पाडलेल्या आणि लंडनच्या टपरीवर चहाला दिलेल्या प्रत्येक शिलिंगावर हिंदुस्थानचे नाव होते आणि ती पदे १९४९ च्या नाण्यांवरून गेली. चार राज्यकर्त्यांची, या लेखाची नाणी आणि त्यांच्या शेजारी त्याच सालांचे रुपये, असा संग्रह वीस-बावीस नाण्यांत पूर्ण होतो.

त्यात कसाची गोष्टही आपोआप येते. ब्रिटनने १९२० मध्ये कस उतरवला, तरी रुपया ९१७ चाच राहिला. त्याचा कस उतरला तो दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये. आणि १९४७ मध्ये दोन्हीकडची चांदी एकदमच संपली. अमेरिकेकडून युद्धकाळात उसनी आणलेली चांदी ब्रिटनला परत करायची होती, म्हणून तेथे तांबे आणि निकेलचे मिश्रण आले. येथे शुद्ध निकेलचा रुपया आला. १९४६ चा शिलिंग आणि १९४७ चा शिलिंग वर्गात मुलांच्या हाती देऊन दोन्हींचा आवाज ऐकवला, तर साम्राज्याच्या अखेरच्या वर्षांवरचा धडा मुले विसरणार नाहीत.

खरेदीचा क्रम उलटा ठेवावा. सहाव्या जॉर्जपासून मागे मागे जावे. ती नाणी स्वस्त असतात, त्यामुळे पारख करायला शिकताना होणाऱ्या चुकाही स्वस्तात पडतात. दर्जाच्या बाबतीत इंग्रजी पद्धतीत फेअर, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन आणि अनसर्क्युलेटेड असे टप्पे आहेत. आपल्या रकमेत व्हेरी फाइन हा दर्जा योग्य ठरेल, कारण त्यात झीज असली तरी केसांच्या बटा आणि अक्षरे वाचता येतात. ‘फाइन’ या शब्दाने मात्र फसू नये; या पद्धतीत त्याचा अर्थ बराच झिजलेला असा आहे. स्पिंक या जुन्या लंडनच्या पेढीचा वार्षिक दरग्रंथ प्रत्येक प्रकाराला क्रमांक देतो. नाण्याची नोंद करताना तो क्रमांक लिहावा, म्हणजे जगात कोठेही बोलताना गोंधळ होत नाही.

जुने म्हणजे महाग, ही समजूतही सोडावी. पहिल्या एडवर्डने १२७९ मध्ये नवी पेनी पाडायला सुरुवात केली. हातोड्याने ठोकलेल्या त्या चांदीच्या पातळ पेन्या इतक्या मोठ्या संख्येने निघाल्या की, सातशे वर्षांनंतरही त्या सामान्य संग्राहकाच्या आवाक्यात आहेत. उलट १९०५ चा हाफ क्राउन केवळ १,६६,००८ इतकाच पाडला गेला, त्यामुळे तो चांगल्या स्थितीत मिळवायचा तर त्या पेनीच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. किती नाणी पाडली, त्यांतली किती उरली आणि ती कोणाला हवी आहेत, यावर किंमत ठरते.

एखाद्या रविवारी त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अंजनेरीला असलेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्यूमिस्मॅटिक स्टडीज या संस्थेचे नाणेसंग्रहालय, ते उघडे असल्याची आधी खात्री करून, पाहून यावे. नाणी कशी मांडावीत आणि त्यांखाली काय लिहावे, हे तेथे डोळ्यांनी शिकता येते. असे ठिकाण आपल्या शहरापासून इतक्या जवळ असणे हे आपले मोठे भाग्य आहे.

पत्र तिसरे. मला एका फिरत्या विक्रेत्याकडून हातात त्रिशूळ घेतलेल्या स्त्रीचे मोठे चांदीचे नाणे मिळाले. ते ब्रिटिश डॉलर असल्याचे त्याने सांगितले. घरी वजन केले तेव्हा २४.१ ग्रॅम भरले. ते अस्सल आहे का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, सिन्नर

उत्तर. नाही, आणि हे सांगताना मला वाईट वाटते. ब्रिटिश व्यापारी डॉलर हे १८९५ ते १९३५ या काळात हाँगकाँग आणि मलायाकडील व्यापारासाठी पाडलेले नाणे आहे. त्याचा कस ९०० आणि वजन २६.९५ ग्रॅम असते. वापराने अर्धा-पाऊण ग्रॅम झीज होऊ शकते, जवळजवळ तीन ग्रॅम मात्र नाही. हे नाणे मुख्यतः आपल्या मुंबईच्या आणि काही प्रमाणात कोलकात्याच्या टाकसाळीत पडले. अस्सल मुंबई डॉलरवर त्रिशूळाच्या मधल्या टोकावर बारीक ‘बी’ असते. मुंबईचे नाणे म्हणून मराठी संग्राहकांना त्याची ओढ असते आणि त्याच्या नकलाही त्यामुळेच फार निघतात.

पुढील वेळी पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. लहान लोहचुंबक जवळ ठेवावा. चांदी त्याला चिकटत नाही. नाणे चिकटले तर विषय तेथेच संपला. परंतु पितळ किंवा शिसेही चिकटत नसल्याने, न चिकटणे हा अस्सलपणाचा पुरावा नव्हे. दुसरी गोष्ट म्हणजे शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा. तो स्वस्तात मिळतो आणि सराफ बाजारात ओळखीचा कोणीही तोलून देतो. तिसरी आणि सर्वांत खात्रीची गोष्ट म्हणजे घनता. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणावा, बारीक दोऱ्याला बांधलेले नाणे तळाला न टेकवता पाण्यात पूर्ण बुडवावे आणि काट्यावर दिसणाऱ्या आकड्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागावे. स्टर्लिंगचा ५.६५ ग्रॅमचा शिलिंग सुमारे ०.५५ दाखवतो आणि भागाकार १०.३ च्या आसपास येतो. ९०० आणि ९१७ कसाची नाणीही याच्या अगदी जवळ उतरतात. आठ-नऊ आले, तर ती चांगली चांदी नव्हे.

फरशीवर आपटून खणखणीत वाजते का, हे पाहण्याची जुनी सवय मात्र सोडावी. त्याने कडेला खोच पडते. बोटाच्या टोकावर नाणे तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी दिल्यास तोच नाद ऐकू येतो. कडेवर दातेऱ्यांच्या मधून गेलेली शिवण, पृष्ठभागावर बारीक फोड आणि अक्षरांच्या गोलसर कडा ही ओतीव नकलेची लक्षणे आहेत. दुर्मिळ सालांच्या बाबतीत, उदाहरणार्थ १९३९ चा रुपया, नाणे अस्सल आणि आकडा कोरून बदललेला, असाही प्रकार असतो. तेथे भिंगाने आकडाच तपासावा. माळेत ओवण्यासाठी डाख देऊन कडी लावलेली आणि नंतर ती घासून काढलेली नाणीही फार येतात. अशा नाण्याच्या वरच्या कडेला दाते सपाट झालेले दिसतात आणि त्याची किंमत त्यामुळे बरीच उतरते.

पत्र चौथे. सासूबाईंनी दिलेले राणीछाप रुपये आणि दोन इंग्रजी नाणी आम्ही दर वर्षी लक्ष्मीपूजनाला मांडतो, पंचामृताने धुतो आणि चिंचेने घासून लख्ख करतो. त्यांची काळजी आणखी कशी घ्यावी?
— एक गृहिणी, पंचवटी

उत्तर. पूजेतील आपला भाव मी जाणतो, म्हणून एवढीच विनंती करतो की पूजेची नाणी आणि जपायची नाणी वेगळी करावीत. पूजेसाठी दोन-चार झिजलेले रुपये ठेवावेत. उरलेल्यांना चिंच, राख, लिंबू, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही लावू नये. प्रत्येक घासणीत चांदीचा पातळ थर जातो आणि एकदा गेलेला तो परत येत नाही. काळसर, निळसर झाक ही चांदीवर गंधकामुळे आलेली साय असते. ती नाण्याचे रक्षण करते आणि जाणकार तिच्यासाठी अधिक पैसे देतात.

याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप पुन्हा मारली होती. नव्या छापेखाली नहपानाच्या चेहऱ्याच्या आणि अक्षरांच्या पुसट रेषा शिल्लक होत्या, म्हणून कोणी कोणाचा पराभव केला, हे नाण्यांवरूनच सिद्ध झाले. ती कोणी चिंचेने घासली असती, तर त्या रेषा आणि त्यांच्याबरोबर हा पुरावाही गेला असता.

हळद-कुंकू किंवा दूध लागलेच असेल तर नाणे शुद्ध पाण्यात भिजवून, न चोळता, मऊ कापडावर टिपून घ्यावे. हात लावताना ते केवळ कडेने धरावे. मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटांतून कालांतराने हिरवट चिकट द्रव सुटतो, म्हणून पीव्हीसी नसलेली पाकिटे मागून घ्यावीत. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद यांपासून नाणी दूर ठेवावीत. आपल्याकडील पावसाळ्यात हवा दमट असते, त्यामुळे डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवून ती दर महिन्याला बदलावी.

पत्र पाचवे. माझ्याकडील व्हिक्टोरियाची नाणी परदेशातील नातेवाइकांना टपालाने पाठवता येतील का? आणि शेतात नाणी सापडली तर ती माझी होतात का?
— एक शेतकरी वाचक, निफाड

उत्तर. पाठवू नयेत. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यात शंभर वर्षे किंवा त्याहून जुने नाणे हे पुरावशेष धरले जाते आणि पुरावशेष खासगी व्यक्तीने देशाबाहेर नेणे किंवा पाठवणे हा गुन्हा आहे. आपल्याकडील व्हिक्टोरियाचे प्रत्येक नाणे शंभरीच्या पुढचे आहे. त्यातूनही काही शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे लेखी विचारणा करावी. जुन्या वस्तूंचा व्यापार करण्यासाठीही याच कायद्याखाली परवाना लागतो; म्हणून वाचकांनी खरेदी करताना विक्रेत्याकडून तारीख, नाण्याचे वर्णन आणि किंमत लिहिलेली पावती अवश्य घ्यावी.

जमिनीत सापडलेल्या नाण्यांना १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास तो केव्हा, कोठे आणि किती सापडला, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. मडके सापडल्यास ते फोडू नये, नाणी वाटून घेऊ नयेत आणि धुऊ तर मुळीच नयेत. जागेचे छायाचित्र काढून, नाणी मातीसह आहेत तशी झाकून ठेवून, त्याच दिवशी तहसील कार्यालयात जावे.